डावीकडचा सुळा

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग कायम बसलेला असतो, असं आमचे हे म्हणायचे. म्हणायचे अशासाठी, की गेले आठ महिने हे काहीच म्हणत नव्हते. मी घरात भांडी आपटली तरी नाही, आणि मुद्दाम आपटली तरी नाही.

मी दात करते. म्हणजे कवळ्या. दवाखान्यात डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, त्यावरून प्लास्टरचा जबडा ओततात आणि तो मागच्या खोलीत माझ्या टेबलावर येऊन पडतो. मग मेण, चाकू, स्पिरिटचा दिवा आणि मी. सव्वीस वर्षं हेच केलं. पेशंट मला कधी दिसत नाही, आणि खरं सांगायचं तर बघायची हौसही नाही. जबडा बघितला की पुरे. कोण एकाच बाजूने चावतो, कोण झोपेत दात खातो, कोणाला जन्मभर ओठ मिटून बसायची सवय आहे, सगळं मला त्यात दिसतं.

आणि माझी एक रीत आहे. मी दात कधी ओळीत सरळ बसवत नाही. सरळ बसवले की तोंडात फरशी घातल्यासारखी दिसते. एखादा केसभर फिरवायचा, एखाद्याची कड जराशी झिजवायची, की ती कवळी त्या माणसाची होते. डॉक्टर म्हणतात, "बाई, तुमची कवळी कवळी म्हणून ओळखूच येत नाही." मला याहून मोठं बक्षीस कोणी दिलेलं नाही आणि मी मागितलेलंही नाही.

मग बाजार बसला. आमच्या रस्त्यावरची चपलांची दोन दुकानं बंद झाली, त्यांच्यामागून फर्निचरवाला गेला, चष्मेवाल्याने दुपारचे दिवे लावायचे बंद केले. आमच्याकडेही लोक यायचे ते दात काढायला. दुखला की काढला, सुटलो. नवा बसवायला कोणी परत येईना. पूर्वी माझ्या टेबलावर वीस-वीस जबडे रांगेत असायचे, आता तीन-चार. डॉक्टरांनी संध्याकाळची वेळ बंद केली आणि मला दुपारी दोनला घरी सोडायला लागले. सोडताना माझ्याकडे बघायचे नाहीत. भला माणूस आहे.

ह्यांचा पंपांचा कारखाना तर आधीच बंद पडला होता. हे तिथे स्टोअर सांभाळायचे. कुठला बोल्ट कुठल्या खणात आहे ते डोळे मिटून सांगायचे, अख्खा कारखाना ह्यांना विचारायला यायचा. तो माणूस घरी बसला. पहिला महिना ह्यांनी आमच्या स्वयंपाकघरातले डबे लावले, चिठ्ठ्या चिकटवल्या, उंचीप्रमाणे रांगा केल्या. मला मीठ सापडेना, मी ओरडले. त्यानंतर डब्यांना हात लावला नाही. मिशी वाढवली, ओठावर झुपकाच आला नुसता. जेवायचे ते मी कामावर गेल्यावर, एकटेच. काही विचारलं तर तोंडातल्या तोंडात "बघू" म्हणायचे. लेक तिच्या घरी, लांब. घरात आम्ही दोघंच, आणि त्यातला एक मुका.

मला वाटायचं, रुसलेत. नोकरी काय मी घालवली होती?

तेवढ्यात लंबूचा फोन आला. लंबू म्हणजे ह्यांचा कारखान्यातला दोस्त. तो वर्षापूर्वीच एका मधल्याच शहरात जाऊन राहिला होता. ना धड मोठं, ना धड लहान, असं ते शहर. तिथल्या हॉस्पिटलात औषधांच्या स्टोअरला माणूस हवा होता. लंबूने शब्द टाकला होता. राहायला दोन खोल्याही मिळणार होत्या. फक्त ह्यांनी एकदा जाऊन साहेबांना भेटायचं, चार वाक्यं बोलायची, बस्स.

हे मला सांगताना किती दिवसांनी ह्यांचा आवाज जरा वर आला होता. आणि मी काय केलं? मी म्हटलं, "जा की. आणि मी काय करू तिथे? पोळपाट घेऊन बसू? सव्वीस वर्षं हात झिजवले ते काय तुमच्या स्टोअरच्या दारात बसायला?"

हे म्हणाले, "बरं." तिथे तो विषय मिटला.

मिटला असं ह्यांच्यापुरतं. माझ्या डोक्यात किडा वळवळत राहिला. मी गुपचूप त्या शहरातल्या दातांच्या लॅबचा नंबर मिळवला आणि फोन केला. एक तरुण मुलगा बोलला, आवाजाने गोड होता. म्हणाला, "मॅडम, डिझाइन सॉफ्टवेअर कुठलं येतं?"

"मला मेण येतं," मी म्हटलं. "चाकू येतो. दिवा येतो."

तो हसला नाही, चेष्टाही केली नाही. त्याने केली असती तर मला भांडता तरी आलं असतं. म्हणाला, "आमच्याकडे आता सगळं मशिनवर होतं, मॅडम. हाताने करणारे दोघं होते, त्यांना मागच्या वर्षी थांबवलं." मी थँक्यू म्हणून फोन ठेवला आणि बराच वेळ हात धूत राहिले.

म्हणजे गेलो तर माझं काम संपलं. राहिलो तर अर्ध्या दिवसाचं का होईना, आहे. माझा हिशेब साधा होता. ह्यांचं काय, हा हिशेबातला दुसरा भाग मी धरलाच नव्हता. लंबूला शनिवारपर्यंत कळवायचं होतं. हे काही बोलेनात, मीही विचारेना.

त्या आठवड्यात माझ्याकडे एका निवृत्त हेडमास्तरांची कवळी होती. पूर्ण, वरची-खालची. अशी कवळी आधी मेणावर दात बसवून तयार करतात. डॉक्टर ती पेशंटच्या तोंडात लावून बघतात, पसंत पडली की मग पक्की करायची. मी मन लावून केली. इतकी मन लावून मी कित्येक महिन्यांत काही केलं नव्हतं. बुधवारी सकाळी डॉक्टर ती हातात धरून माझ्या खोलीत आले.

"बाई, हे काय केलंत?"

"काय केलं?"

"हेडमास्तर आरशात बघून घाबरले हो. म्हणतात, हा कोणीतरी दुसराच माणूस माझ्या तोंडातून हसतोय."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. आजवर माझी कवळी परत आली नव्हती. "त्यांना म्हणावं, सवय होईल," मी म्हटलं. "सगळ्यांना होते."

"बाई, तुम्ही स्वतः बघा एकदा," डॉक्टर म्हणाले. कवळी टेबलावर ठेवून ते गेले.

मी दिवा ओढला आणि बघितलं. वरचा डावीकडचा सुळा. तो मी केसभर नाही, चांगला दाण्याएवढा पुढे काढला होता आणि वर थोडा बाहेर वळवला होता. शेजारचा दात त्याच्यामागे लपला होता. मी असं कधीच करत नाही. कोणी शिकाऊ पोरीने केलं असतं तर मी तिच्या हातातून चाकू काढून घेतला असता.

आणि मग मला तो दात ओळखू आला. अहो, तो ह्यांचा दात होता.

लग्नाआधी ह्यांना पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला सगळ्यात आधी तो सुळा दिसला होता. एरवी मिटलेला. हे हसले की मगच कोपऱ्यातून बाहेर यायचा, आणि तो दिसला की माझाही राग जायचा. कितीदा मी म्हटलं होतं, "या दातामुळे वाचलात." माझ्या डोक्याला कळायच्या आधी माझ्या हातांनी तो शोधून काढला होता. आठ महिने दिसला नाही म्हणून हातांनीच तो परक्या माणसाच्या तोंडात नेऊन बसवला होता.

मेण गरम करून दात सरळ करायचा, पाच मिनिटांचं काम. मला पाऊण तास लागला. मध्ये दोनदा चाकू खाली ठेवावा लागला. रडू येत होतं, कोणाला सांगू?

दोन वाजता घरी आले. ह्यांना त्या दिवशी उशीर झाला होता, हे स्वयंपाकघरात खिडकीपाशी बसून अजून जेवत होते. मी अशी दारात उभी राहिलेली बघून ह्यांनी ताटावरून मान वळवली.

मी म्हटलं, "ऐका, आज काय गंमत झाली." आणि सगळं सांगितलं. हेडमास्तर, आरसा, दुसराच माणूस. रंगवून सांगितलं. ह्यांना हसू आलं, मला दिसलं, डोळ्यांत आलं होतं. पण ओठ हलले नाहीत. हात मात्र उठून मिशीवर गेला.

तो हात मी रोज बघत होते. आज मी तो मनगटाला धरून खाली घेतला.

"दाखवा बघू."

"काय?"

"तोंड उघडा."

"अगं, जेवतोय मी."

"तोंड उघडा म्हणते ना!"

ह्यांनी उघडलं. सुळ्याच्या जागी काही नव्हतं. हिरडी भरून आली होती, गुळगुळीत. तीन महिने तरी झाले असणार, हिरडीवरून मला कळतं. गावभर दात वाटत फिरणारी मी, आणि माझ्या नवऱ्याच्या तोंडात दात नाही हे मला तीन महिने माहीत नव्हतं.

"कुठे काढलात?"

"सरकारी दवाखान्यात. सूज आली होती. तू कामावर होतीस."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी करून आणला असतास."

"मग? आणला असताच! त्यात वाईट काय होतं?"

ह्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "घर तुझ्यावर. जेवण तुझ्यावर. दिवे-पाणी तुझ्यावर. म्हटलं, आता तोंडातला दातसुद्धा तुझाच का?"

माझी दातखीळ बसली.

मग मी विचारलं, "म्हणून साहेबांना भेटायला गेला नाहीत?"

"असं तोंड घेऊन कसा जाऊ? आणि गेलो असतो तरी काय," हे म्हणाले. "तू नको म्हणालीस. तुझं काम आहे इथे. एकाचं तरी असू दे."

मी चप्पल घातली आणि तशीच उलट पावली दवाखान्यात गेले. किल्ली माझ्याकडे असते. मापाचा ट्रे, पावडरीचा डबा, रबराची वाटी, सगळं पिशवीत घातलं. माप घेणं हे खरं तर डॉक्टरांचं काम, माझं नव्हे. पण त्यांना ती पावडर कालवून देण्यात माझी अर्धी हयात गेली आहे.

ह्यांना खिडकीच्या उजेडात खुर्चीवर बसवलं, गळ्याला टॉवेल बांधला. "तीन मिनिटं," मी म्हटलं. "बोलायचं नाही, हलायचं नाही, नाकाने श्वास." पावडर पाण्यात कालवली, तो गुलाबी लगदा भरलेला ट्रे वरच्या दातांवर दाबला आणि दोन बोटांनी धरून ठेवला.

आता ह्यांना बोलता येणार नव्हतं. मीच बोलले.

"आपण जातोय. मान हलवू नका, माप बिघडेल. त्या दिवशी मी बोलले ते रागाने नाही बोलले, भीतीने बोलले. तिथे माझं काम नाही. मी फोन करून विचारलंय, नाहीच आहे. तिथे मी कोण असेन मला माहीत नाही, आणि मला त्याची खूप भीती वाटते, आत्ताही वाटतेय. पण इथे राहून तुमचं काय झालंय ते आज बघितलं मी. तुम्ही माझ्यासमोर बसून संपत होता आणि मी मीठ शोधत होते. मला असलं काम नको, ज्यापायी मला घरचा माणूस दिसत नाही."

ह्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ट्रे घशाकडे लागला की सगळ्यांच्याच डोळ्यांत येतं. तीन मिनिटं होऊन गेली, पाच झाली. लगदा कधीच घट्ट झाला होता. मी ट्रे काढला नाही, कारण काढला की हे "नको" म्हणतील अशी मला धास्ती होती.

शेवटी ह्यांनीच माझं मनगट धरलं आणि ट्रे खाली ओढला. मिशीला गुलाबी लगदा लागला होता.

"तुझं काय होईल गं तिथे?" हे म्हणाले.

"बघू," मी म्हटलं. ह्यांचाच शब्द ह्यांना.

ह्यांनी टॉवेलने तोंड पुसलं, मिशी पुसली. मग म्हणाले, "आता करतेच आहेस, तर निदान सरळ तरी कर."

"गप्प बसा. होता तसाच करणार."

गुरुवारी आणि शुक्रवारी मी तो केला. गुलाबी पट्टीवर एकच दात, दोन्ही बाजूंनी तारेची पकड. जुना फोटो नव्हता, लागलाही नाही. डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, टेबल तुमचं तसंच ठेवतो." मी म्हटलं, "नका ठेवू. जागा अडते." हेडमास्तरांची कवळी पक्की करून दिली, ती त्यांना पसंत पडली. अगदी सरळ होती.

शनिवारी सकाळी ह्यांनी मिशी कापली, दात लावला आणि लंबूला फोन केला. "सोमवारी येतो, साहेबांना सांग," म्हणाले. मी आतल्या खोलीत माझे चाकू फडक्यात गुंडाळत होते. पलीकडून लंबू काहीतरी बोलला असावा, कारण हे हसले. मोठ्याने, तोंड उघडून. मी दारात आले.

सुळा किंचित जास्तच पुढे आला होता. माझ्या नजरेला ते लगेच दिसलं. थोडा घासला असता तर बरोबर बसला असता. पण हत्यारं मी तोवर बांधून ठेवली होती.