बंद डिकीतला दिवा

मी एक जुनी, पांढऱ्या रंगाची मोटारगाडी आहे. पांढरा म्हणायचा तो आता नावालाच. मित्रांनो, मला घरी आणले बाबांनी. आल्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी मला हात लावून पाहिले. बाबांनी मात्र आधी स्वतःचे हात धुतले. पुढे मी त्यांच्या मुलाला शाळेत नेले, आईंना शेवटचे दवाखान्यात नेले. चढावर मी दमले की बाबा मला "चल गं बाई" म्हणत, आणि मीही चालत असे.

मुलगा मोठा झाल्यावर एका सुट्टीच्या दिवशी त्याने हौसेने माझ्यात स्टिरिओ बसवला. बाबांना जुनी गाणी आवडतात, म्हणून. हेतू सोन्यासारखा, पण एक स्क्रू लांब निघाला आणि डिकीच्या दिव्याकडे जाणाऱ्या तारेत घुसला. तेव्हापासून डिकी बंद केली तरी आतला दिवा जळतच राही. उघडली की तो लागलेला दिसे, आणि तसा तो दिसायलाच हवा. त्यामुळे कुणाला शंका येईना. रात्रभरात माझी बॅटरी उतरे आणि सकाळी मी ढिम्म.

"बाबा, दिवे चालू राहिले तुमच्याकडून," मुलगा म्हणाला.

"नाही रे, मी बंद केले होते."

पुन्हा तेच झाले, मग पुन्हा. "असू द्या बाबा, वय झालं की विसरायला होतं," मुलगा म्हणाला. आवाजात राग नव्हता, कीव होती. तीच बाबांना जास्त लागली. शेवटी एका सकाळी ते वाद घालायचेच थांबले. "विसरलो असेन," म्हणाले आणि किल्ली मुलाला देऊन टाकली. मला गळा काढून सांगावेसे वाटत होते, पण माझा तर हॉर्नसुद्धा वाजत नव्हता.

मग मुलगा मला चालवू लागला. दुसऱ्याच सकाळी मी बंद! आता दोष द्यायला बाबा नव्हते, तेव्हा कुठे इलेक्ट्रिशियन आला.

त्याने बॅटरीची एक तार सोडवून मध्ये छोटा बल्ब जोडला. सगळे बंद असूनही बल्ब पेटला. "करंट जातोय कुठंतरी," तो म्हणाला. मग एकेक फ्यूज काढत गेला. आतल्या दिव्यांचा फ्यूज काढताच बल्ब विझला. त्या तारेचा माग काढत तो स्टिरिओपाशी पोहोचला आणि स्क्रू बाहेर काढून त्याने मुलाच्या तळहातावर ठेवला.

मुलाचा चेहरा पडला. तो धावतच बाबांना घेऊन आला. "बाबा, चूक माझी होती. तुम्ही काहीच विसरला नव्हता." त्याने किल्ली पुढे केली.

बाबा माझ्यात बसले. मला सुरू केले, बंद केले, उतरले. दार ओढून पाहिले. घराकडे निघाले आणि परत येऊन माझे दिवे पाहिले. पुन्हा निघाले, पुन्हा आले.

"बंद आहेत ना रे?" त्यांनी विचारले. भर दुपार होती.

"बंद आहेत, बाबा."

त्यांनी किल्ली मुलाच्या खिशात टाकली. "तूच चालव. मला आता माझीच खात्री वाटत नाही."

मित्रांनो, माझी तार टेप गुंडाळून नीट झाली. बाबा मात्र आता शेजारच्या सीटवर बसतात, आणि मला फार वाईट वाटते. गाडी बंद पडली की तुम्ही बॉनेट उघडून बघता ना? मग एखादा म्हातारा माणूस "मी विसरलो नाही" म्हणाला, तर तेव्हाही जरा शोधून बघा. तो "विसरलो असेन" म्हणू लागण्याच्या आत बघा.