चिमाची पायरी

शोकपत्रिकेचा मसुदा चौथ्या दिवशी सकाळी आला. फोपनारहून जावई पंकज याने तो मोबाईलवर पाठवला होता आणि त्याखाली एकच ओळ लिहिली होती: ‘सर, छापायला देण्याआधी एकदा पाहून घ्या.’

यात वावगे काही नव्हते. लोधीपुऱ्यातल्या अनंतरावांकडून लग्नपत्रिका, मानपत्रे आणि निधनवार्ता तपासून घेण्याची बऱ्हाणपुरातल्या मराठी घरांची तीस वर्षांची रीत होती. शाळेतून निवृत्त झाल्यावरही ती मोडली नव्हती. ज्या वाक्याचा कर्ता हरवला आहे असे वाक्य त्यांच्या हातून पुढे जात नसे, आणि ज्याने ते लिहिले त्याला ते का चुकले हे ऐकल्याशिवाय ओट्यावरून उतरता येत नसे. पंकज तर त्यांचाच विद्यार्थी. लग्नात मंडळींनी ‘सासऱ्याला सर म्हणतो, बायकोला मॅडम म्हणशील का?’ असे चिडवूनही त्याच्या तोंडून ‘सर’ सुटले नाही.

आज पत्रिका अनंतरावांच्या मुलीची होती.

‘आमची ज्येष्ठ सून कै. सौ. वैजयंती पंकज महाजन हिचे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी अल्प आजाराने दुःखद निधन झाले. दशक्रिया विधी राजघाट येथे...’

अनंतरावांनी मजकूर तीनदा वाचला. हातातले पेन उघडे होते. डेंग्यूच्या तापाने सहा दिवसांत जे झाले ते ‘अल्प आजार’ या दोन शब्दांत नेमके बसले होते. तिथी बरोबर होती, वार बरोबर होता. एकही चूक सापडली नाही. त्यांनी वाढवलेली मुलगी मात्र त्या मजकुरात कुठेच नव्हती.

तिचे नाव प्रतिभा होते.

आणि ‘वैजयंती’ हे नाव दुसऱ्या कोणी दिले नव्हते. चार वर्षांपूर्वी, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, नव्या सुनेचे नाव तांदळात लिहिण्यासाठी ताट पुढे आले तेव्हा तिची सासू धुरपदाबाई मोठ्या आदराने म्हणाली होती, “सर, तुम्ही तं एवढे शिकेल माणूस. आमच्या सुनेले एक चांगलं नाव तुम्हीच सांगा ना. आम्हाले काय, छाया नाही तं माया सुचेल.” अनंतराव सुखावले होते. क्षणभर डोळे मिटून, जिभेवर शब्दाचे वजन घेऊन त्यांनी ते नाव उच्चारले होते. वर त्याचा अर्थही सांगितला होता, विष्णूच्या गळ्यातली माळ. पंकजने अंगठीच्या टोकाने तांदळात ती चार अक्षरे काढली. अनंतराव परत निघाले तेव्हा प्रतिभा त्यांच्या पाया पडली आणि वाकलेलीच असताना हळूच म्हणाली, “बाबा, पहिलं नावही तुम्हीच ठेवलं होतं ना? मग ते काय वाईट होतं?”

त्यांनी उत्तर दिले होते. नाव बदलणे हा संस्कार आहे, त्यात वाईट-चांगले असा प्रश्न नसतो, असे काहीतरी. उत्तर नेहमीप्रमाणे निर्दोष होते.

मोबाईलवर त्यांनी ‘बरोबर आहे’ असे लिहून पाठवले आणि ते आत गेले. पत्नी सुलभाबाई थंड चुलीपुढे, म्हणजे गॅसच्या ओट्यापाशी, जमिनीवर बसल्या होत्या. केस ओले होते.

“अंघोळ झाली तुझी?” त्यांनी विचारले.

“झाली. तीन दिवस झाले ना आज. दिलेल्या मुलीचं सुतक तीन दिवस.” त्या त्यांच्याकडे न पाहता बोलत होत्या. “शेजारच्या मालूबाईची सुनंदा गेली तेव्हा तुम्हीच सांगितलं होतं, ओट्यावर उभं राहून. ती बिचारी पाचव्या दिवशीही चूल पेटवत नव्हती. तुम्ही म्हणालात, मालूबाई, लेक एकदा दिली की तिचं दुःख वाटून दिलेलं असतं, आपल्या वाट्याला तीनच दिवस येतात.”

“शास्त्र तेच आहे.”

“मी कुठे नाही म्हणते? सांगा ना मग. भाजी कोणती करू?”

अनंतरावांनी आधार शोधला. आयुष्यभर ज्या ग्रंथांच्या बळावर त्यांनी वाद जिंकले होते, ते सगळे त्याच बाजूला उभे होते. ते पत्नीशेजारी फरशीवर बसले. त्या दिवशी घरात अन्न शिजले नाही. दुपारी मालूबाई भाकरी आणि पिठलं झाकून घेऊन आल्या, उंबऱ्यात ठेवून निघून गेल्या, आणि तीन दिवसांचा विषय त्यांनी काढला नाही. अनंतरावांना ते फार लागले.

पुढचे दिवस ते एकाच गोष्टीचा विचार करत राहिले, आणि ती गोष्ट म्हणजे एक दगड होता.

तापीच्या राजघाटावर, वरून मोजत आले तर अकरावी पायरी, इतर पायऱ्यांहून थोडी रुंद आणि काळसर आहे. तिच्यावर चार ओळी कोरलेल्या आहेत: ‘चिमा हिचे नावे ही पायरी. वय एकोणीस. शके १८०९. येणाराने येथे क्षणभर बसावे.’ शके अठराशे नऊ म्हणजे इंग्लंडच्या राणीच्या राज्याची पन्नास वर्षे गावोगाव साजरी झाली ते वर्ष. बसवणाऱ्याचे नाव नाही. अनंतरावांनी त्या दगडाचा ठसा घेतला होता, फीत लावून मोजमापे लिहिली होती आणि एका स्मरणिकेत नऊ पानांचा लेख छापून सिद्ध केले होते की ही पायरी चिमाच्या नवऱ्याने बसवली. युक्तिवाद सरळ होता. विवाहित स्त्री सासरच्या कुळाची. तिच्या क्रियेचा अधिकार सासरचा. बापाला तीन दिवसांचे सुतक. त्या काळचा कोणी बाप लेकीसाठी घाटावर दगड बसवणार नाही.

त्या लेखाला बऱ्हाणपुरात एकच विरोधक निघाला आणि तो बारा वर्षांचा होता.

ठसा घ्यायला गेले तेव्हा प्रतिभा बरोबर होती. ती धावत खाली गेली आणि थेट त्या पायरीवर बसली.

“ऊठ! अक्षरं झिजतात!”

“दगडच सांगतोय बसा म्हणून,” ती पाय हलवत म्हणाली. “वाचता येतं मला. आणि बाबा, हा दगड तिच्या बाबांचा आहे.”

“पुरावा?”

“चिमा हे काय सासरचं नाव आहे? असं घरातलं पोर हाकारल्यासारखं? सासरचे तर मोठंमोठं नाव ठेवतात.”

“हे भावनेचं बोलणं झालं. पुरावा दे.”

“देईन कधीतरी,” ती म्हणाली होती.

आता तो पुरावा मोबाईलमध्ये होता. नवव्या दिवशी अनंतरावांनी ती पत्रिका पुन्हा उघडली आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. सासरचे माणूस मेलेल्या सुनेला सासरच्या नावानेच निरोप देते; दुसरे नाव त्याच्या तोंडी येणार कसे? आणि त्या काळचा नवरा तर बायकोचे नाव चारचौघांत घेतही नसे, मग ते दगडावर कोरील कसा? चिमा म्हणणारे माणूस एकच असू शकते. आपल्याला वाटून आलेले तीन दिवस संपल्यावर ज्याला घरात बसवेना, अशा कोण्या बापाने तो दगड बसवला होता. पंधरा वर्षांपूर्वी एका पोरीने दोन वाक्यांत सांगितलेली गोष्ट त्यांना आज पटली, आणि हे जिला सांगायचे ती नव्हती.

दहाव्या दिवशी राजघाटावर दोन्ही घरची माणसे जमली. आश्विनातली तापी अजून गढूळ होती. पंकजचे डोके भादरलेले, त्यामुळे तो दहावीतल्यासारखा दिसत होता. पिंड झाले. मग जवळच्यांनी एकेक करून तिलांजली द्यायची वेळ आली. ऋषिकेश गुरुजी तरुण होते, प्रत्येकाच्या ओंजळीत तीळ टाकून मंत्र सांगत होते. सासरा, दीर, मामा. शेवटी अनंतराव उकिडवे बसले.

“म्हणा, महाजन कुलोत्पन्ना वैजयंती...”

“प्रतिभा,” अनंतराव म्हणाले.

गुरुजी थांबले. “सर, नाव वैजयंती आहे. सासरचंच घ्यावं लागतं. तुम्हाला मी काय सांगायचं!”

“मला माहीत आहे.”

“नाही, म्हणजे पाणी पोचायला पाहिजे ना.”

घाटावरची मंडळी जवळ सरकली. सरांशी कोणी वाद काढला की सर काय करतात हे सगळ्यांना ठाऊक होते. आता एखादे वचन येईल, मग त्यावरचे भाष्य येईल. अनंतरावांच्या ओंजळीतून पाणी गळत होते.

“ते नाव मीच दिलं,” ते म्हणाले. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. “पण त्या नावाने मी तिला कधी हाक मारली नाही हो. आज मारली तर ती वळून बघणार नाही.”

मग बायकांच्या घोळक्यातून धुरपदाबाई पदराआडून म्हणाली, “घेऊ द्या वो महाराज. बाप हाय तो.” तिच्या शेजारी सुलभाबाईंनी तोंडावर हात दाबून धरला होता.

गुरुजींनी नव्याने तीळ घातले. अनंतरावांनी तीन वेळा पाणी सोडले आणि तिन्ही वेळा तिला तिच्या नावाने हाक मारली, बाहेर खेळणाऱ्या मुलीला जेवायला बोलवावे तशी, जरा मोठ्याने.

मंडळी आवराआवर करू लागली तेव्हा ते वर चढून अकराव्या पायरीपाशी उभे राहिले. पंकज मागोमाग आला.

“हा दगड बापाचा आहे,” अनंतराव म्हणाले. “माझा लेख चुकला. ती बरोबर होती.” आणि त्यांनी क्रमाने कारणे सांगितली: पत्रिका, सासरचे नाव, त्या काळची रीत. पंकजने वर्गात ऐकावे तसे सगळे ऐकून घेतले. मग खिशातून मोबाईल काढला, काहीतरी शोधले आणि त्यांच्यापुढे धरला. पडद्यावर तिचा नंबर होता. वर लिहिले होते: प्रतिभा.

“आईसमोर वैजयंती,” तो म्हणाला. “खोलीत प्रतिभाच म्हणायचो, सर. पहिल्याच आठवड्यात बोलली ती, बाबांनी दिलेलं नाव आहे, दिवसभर चालवीन, पण आपल्या खोलीत माझं मला राहू दे. पत्रिकेतही मला तेच टाकायचं होतं. वाटलं, तुम्ही चूक काढाल.”

इतके दिवस रचलेला युक्तिवाद त्या पडद्याकडे पाहता पाहता सुटा झाला. चिमालाही एखादी खोली असेल.

“म्हणजे नवऱ्याचाही असू शकतो,” अनंतराव म्हणाले.

“असू शकतो, सर.”

गुडघ्यावर हात टेकून ते खाली वाकले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या पायरीवर बसले. दगड उन्हाने तापला होता. खाली द्रोण पाण्याबरोबर लांब गेले होते. पंकज उभाच होता.

“बस,” ते म्हणाले.

“अक्षरं झिजतील, सर. ती सांगायची मला, तुम्ही बसू देत नाही.”

“झिजू देत,” अनंतराव म्हणाले, आणि त्याला जागा करून देण्यासाठी थोडे सरकले.