पाहुण्यांपुरतं बंद

खणकन चमचा पडला आणि पाठमोऱ्या बसलेल्या सुरभीनं मान वळवली. "आई, काय पडलं?"

अर्पिताचा हात कढईवर तसाच राहिला. दीड वर्षात पोरीनं असं काही विचारलं नव्हतं. मेंदूज्वरानं तिचे दोन्ही कान गेले होते. नागपूरला ऑपरेशन झालं, आणि कालच तिथल्या दवाखान्यातल्या बाईंनी कानामागचं यंत्र पहिल्यांदा सुरू केलं. तेव्हा सुरभी दचकून आईच्या पदरात शिरली, मग म्हणाली, "आई, तू उंदरासारखी काहून बोलून राह्यली?" सगळे हसले. अर्पिता तेवढी रडली.

आज मात्र राळेगावच्या घरी नणंदेला, सोनूला, पाहायला पाहुणे यायचे होते. मारेगावचं मागचं स्थळ 'घरात बहिरेपण आहे' म्हणून फिरलं होतं.

दारात गाडी थांबली. अर्पितानं घाईघाईनं पोरीच्या कानामागचं यंत्र काढलं, कपाटात ठेवलं, कुलूप घातलं आणि तिला मागच्या खोलीत बसवलं. तसं करायला तिला सासूनं सांगितलं नव्हतं, नवऱ्यानंही नाही.

"आई, बंद पडलं," सुरभी म्हणत राहिली.

नवी साडी सावरत सोनू आत आली. "वहिनी, हिचं यंत्र कुठं हाय?"

"घडीभर ठेवलं. सोनूताई, तुमच्यासाठीच ना."

"माह्यासाठी? मंग बाबाची कवळी काहून नाही ठेवली कपाटात? ते तर तिथं चिवडा चावत बसले."

"हसू नका. मारेगावचे कसे गेले, पाह्यलं ना?"

"गेले तर गेले. जे घर एवढ्याशा यंत्राले भेते, तिथं मी जन्मभर कशी राहू? आज लपवसान, उद्या मांडवात लपवसान, मंग शाळेत?" सोनूचा आवाज खाली आला. "वहिनी, पोरीचे कान तवा तापानं नेले. आज कोणं नेले?"

अर्पिताची मान खाली गेली. 'लोक काय म्हणतील' म्हणणाऱ्यांना ती आजवर नावं ठेवत आली होती. आणि लोक तर बाहेर चहाची वाट पाहत बसले होते. म्हणणारी तीच होती!

मैत्रिणींनो, हे आपल्याही घरात होतं. तिरळ्या डोळ्याच्या पोराला आपण फोटोत मागं उभं करतो, अडखळत बोलणाऱ्याला चारचौघांत गप्प बसवतो, आणि त्याला माया म्हणतो. लेकरू मात्र एवढंच शिकतं, की आपण दाखवण्याजोगे नाही. व्यंगाला इलाज असतो; आईनं लावलेली ही लाज काढायला जन्म जातो.

अर्पितानं कुलूप काढलं. यंत्र लावलं, सुरभीचे केस मुद्दाम कानामागे सारले आणि तिचा हात धरून ती बैठकीच्या दारात आली.

तिथं सुरभी थांबली. आपला आवाज किती मोठा निघतो हे तिला अजून कळत नव्हतं. भरल्या बैठकीत तिनं विचारलं,

"आई, पाहुणे आले की मले बहिरं व्हा लागते काय?"