तीन टिंबांच्या पुढे

शब्दकोशाच्या कचेरीत काम करते म्हटलं की लोकांना वाटतं, ही बाई दिवसभर वाचत बसते. वाचते कसली डोंबल! कापत असते. कुणी काय बोललं, त्यातलं आम्हाला हवं तेवढं वाक्य चिठ्ठीवर उतरवायचं, कोपऱ्यात शब्द, खाली तारीख आणि बोलणाऱ्याचं वय. अर्थ कळला की वाक्य तिथंच तोडायचं आणि पुढे तीन टिंबं द्यायची. बाकीचं बोलणं आमच्या कामाचं नाही. हा संपादकांचा नियम. तीस वर्षांत मी तो एकदाही मोडला नाही, आणि नव्या मुलींनी मोडला तर त्यांची बिनपाण्यानं केली आहे.

गेलं वर्षभर आम्ही ‘जीव’पाशी अडकलो होतो. ‘आत्मा’ दोन आठवड्यांत उरकला. ग्रंथांतली वाक्यं पोत्यानं मिळाली, पण घरच्या बोलण्यात आत्मा फारसा सापडेना. जेवण मनासारखं झालं की थंड होतो तेवढाच. ‘जीव’चं उलट. तो जातो, येतो, लागतो, रमतो, टांगणीला लागतो, भांड्यात पडतो. दीड कप्पा भरला तरी संपेना. "अहो, हा प्राण आहे, मन आहे, माया आहे की नुसता माणूस आहे, एकदा काय ते ठरवा," असं संपादक दर सोमवारी म्हणायचे. मी ठरवत होते. सत्तावीस अर्थ झाले होते.

त्यातल्या सत्तर चिठ्ठ्या माझ्या आईच्या. आम्ही दोघीच राहायचो. मी कचेरीतून आले की ती बोलायला लागायची, आणि मी चहाचा कप बाजूला सारून लिहायला लागायचे. जीव हा शब्द वगळून तिला साधी भाजीसुद्धा निवडता यायची नाही. मला तर घरात खाणच सापडली होती.

तीन आठवड्यांपूर्वी तिला झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डोळे फिरायचे, माणसं ओळखायची, पण तोंडातून नुसतं "अं, अं". आणि परवा पाय काळा पडायला लागला.

डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या. आज सकाळी त्यांनी मला आणि माझ्या धाकट्या भावाला समोर बसवलं. "गुडघ्याच्या वर पाय कापावा लागेल, आणि आजच. नाही कापला तर विष अंगभर पसरेल, चार-पाच दिवस फार तर. कापला तर वाचतील, पण वय एक्याऐंशी, हृदय थकलेलं. टेबलावरही काही होऊ शकतं. त्यांना विचारून उत्तर मिळत नाहीये. आधी कधी याबद्दल काही म्हणाल्या होत्या का?"

भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. कामावरून तसाच आला होता, नखांत काळं वंगण. "करा ऑपरेशन," तो म्हणाला. "मी उचलून फिरवीन तिला. ताई, सांग ना, करू दे की."

आणि मी म्हणाले, "थांबा. माझ्याकडे लेखी आहे."

आता ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. किती ऐटीत म्हणाले मी! रिक्षा केली, कचेरीत गेले, कप्पा उघडला, आईच्या सगळ्या चिठ्ठ्यांना रबर लावून पर्समध्ये टाकल्या आणि अर्ध्या तासात परत. हवी ती चिठ्ठी मला पाठच होती. ‘जीव जाणे, म्हणजे मरणे’ या अर्थाखाली मीच लावलेली. चार वर्षांपूर्वीची तारीख, स्त्री, वय सत्याहत्तर.

"एकदाचा जीव जाईल तर सुटेन बाई मी…"

भावानं ती दोनदा वाचली. माझं अक्षर त्याला लहानपणापासून माहीत. अभ्यास मीच घ्यायचे त्याचा. "कधी म्हणाली असं?"

"तारीख आहे ना खाली."

"नाही गं, म्हणजे कशावरून म्हणाली? आजारी होती?"

"ते लिहीत नाही आम्ही," मी म्हणाले.

त्यानं चिठ्ठी उलटून बघितली, मागं कोरी होती. मग चिठ्ठी माझ्या हातात देऊन म्हणाला, "तू जवळ होतीस तिच्या. मी आपला रविवारचा पाहुणा. तिला सुटायचं असेल तर आपण कोण अडवणारे?" ऑपरेशन नको, या कागदावर आधी मी सही केली, मग त्यानं. तेव्हा साडेदहा वाजले होते. तो जिन्यात जाऊन रडला असावा, कारण आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

मला रडू आलं नाही. जिवाला नुसतं काहीतरी कुरतडत होतं. आई खिडकीकडच्या खाटेवर होती. मी शेजारी बसले तर तिनं डावा हात पुढे केला आणि माझी ओढणी धरली. काय बोलायचं? तुझं मरण मी सकाळी मंजूर केलं म्हणून?

सिस्टर सलाईन बदलायला आली. "बोला की त्यांच्याशी. अशा पेशंटला स्वतःचं बोलायला जमत नाही, पण रोजचं, तोंडात बसलेलं असतं ना, ते कधीकधी आपोआप बाहेर पडतं. माझा एक आजोबा पेशंट नाव सांगायचा नाही, पण पाढे म्हणायचा घडाघडा."

माझ्याकडे तिचं रोजचं बोलणं रबर लावून ठेवलेलंच होतं. मी गठ्ठा काढला.

"आई, ही बघ, तूच म्हणाली होतीस. तो तुझा भाऊ गाडी चालवतो तेव्हा मी आपली जीव…"

मी मुद्दाम मध्येच थांबले. ती माझ्याकडे बघत राहिली. ओठ हलले. "मु… मुठीत," ती म्हणाली. "मुठीत धरून."

माझ्या हातातून गठ्ठा पडायचाच बाकी होता. भाऊ खुर्चीवरून उठून आला. "पुन्हा! ताई, पुन्हा वाच!"

पुढची वाचली. "कुत्र्याच्या पिल्लाला एवढा जीव लावू नकोस…"

"नंतर… नंतर रडशील," आई म्हणाली. चिठ्ठीवर ते नव्हतं. ते टिंबांच्या पुढचं होतं. भाऊ हसायला लागला, डोळे पुसत हसायला लागला. "मला म्हणाली होती ते! मी आणलं होतं पिल्लू!" आईच्या तोंडाची डावी कड वर गेली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा आमच्या जिवात जीव आला.

मी एकामागून एक वाचत गेले. काहींना ती नुसतीच बघायची, काहींना पुढचा शब्द द्यायची. आणि मग ती चिठ्ठी वर आली. सकाळी मीच पुन्हा गठ्ठ्यात घातली होती. बाजूला ठेवायला हवी होती. पण मला खात्री करून घ्यायची होती, खरं सांगते. तिच्या तोंडून ‘हो’ ऐकलं असतं तर मी मोकळी झाले असते.

"एकदाचा जीव जाईल तर सुटेन बाई मी…"

आई थांबलीसुद्धा नाही. रोज संध्याकाळी म्हणायची त्याच सुरात, त्याच वैतागात, जड जिभेनं पण सरळ म्हणाली, "तुझ्या… या चिठ्ठ्यांतून. वर बघ की जरा."

आणि मी वर बघितलं.

तेव्हा आठवलं. चार वर्षांपूर्वी एकदा नव्हे, रोज म्हणायची ती हे. ताट वाढून ठेवलेलं असायचं, समोर बसून कुणाचं तरी काहीतरी सांगत असायची, आणि मी मान खाली घालून लिहीत असायचे. मग ती कावायची. त्या दिवशी तिच्या कावण्यातही मला उदाहरण सापडलं, म्हणून मी मान वर न करता तेही उतरवून घेतलं. अर्थ कळला तिथं तोडलं.

भाऊ माझ्याकडे बघत होता. ओरडला असता तर बरं झालं असतं. "ताई," तो हळू म्हणाला, "तू तिथंच होतीस ना गं?"

मी धावले. या वयात, चपला हातात घेऊन, दोन जिने. डॉक्टरीणबाई जेवायला बसल्या होत्या. मी काय बरळले देव जाणे. चिठ्ठी, टिंबं, ती मला म्हणत होती, मरणाला नाही. त्यांनी डबा बंद केला आणि माझ्याबरोबर खाटेपाशी आल्या. आईच्या अगदी जवळ वाकून विचारलं, "आजी, पाय कापायचा. कापू?" आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं, आणि ओढणी पुन्हा घट्ट धरली. शब्द आला नाही. डॉक्टरीणबाई तिच्या मुठीकडे बघून म्हणाल्या, "ठीक आहे."

बाहेर येऊन त्यांनी बाकीचं सांगितलं. सकाळची वेळ दुसऱ्या पेशंटला दिली होती. आता पाच वाजता. ताप चढला होता, काळेपणा गुडघ्यापर्यंत आला होता. "सकाळी केलं असतं तर मी जास्त खात्रीनं बोलले असते," त्या म्हणाल्या. मी दुसऱ्या कागदावर सही केली. पेन त्यांचंच घेतलं; माझं पर्समधून काढवेना.

पाचला तिला नेलं. दारापर्यंत मी तिच्याकडेच बघत चालले, दोनदा भिंतीला धडकले. ओढणी सोडवताना सिस्टरला तिची बोटं एकेक करून उघडावी लागली.

आता सात वाजलेत. बाकावर मी आणि भाऊ. त्यानं मघाशी गठ्ठा माझ्या हातून घेतला आणि वाचायला लागला. एकेक चिठ्ठी वाचतो आणि विचारतो, "हिच्या पुढे काय गं?" मी आठवते. तारीख आठवते, तेव्हा टेबलावर काय होतं ते आठवतं, कोणता अर्थ लावला तोही आठवतो.

"बरं, हिच्या पुढे?"

सत्तर चिठ्ठ्या आहेत. आज आईनं पुऱ्या केल्या तेवढ्या सोडल्या तर एकीच्याही पुढचं मला येत नाही. ते फक्त आईला येतं, आणि आई आत आहे.