दत्तारामच्या डोळ्यांतला ठिपका

"आजपासून आचऱ्यात एकविसावा शतक सुरू झाला!" दत्तारामने छाती पुढे काढून जाहीर केले आणि नव्या मॉनिटरचे बटण दाबले.

वीज गेली.

साल २००७. म्हणजे शतक सुरू होऊन सहा वर्षे उलटली होती. आचऱ्याला पोचायला त्याला उशीर झाला असेल, तर दोष रस्त्याचा. पडवीत जमलेल्यांपैकी कोणी हसले नाही. रिकामा वेळ सत्कारणी लागावा म्हणून भिकाजीने नारळ हातात घेऊन गाऱ्हाणे सुरू केले. होडी, विहिरीचा पंप, नवी सून, घरात काहीही नवे आले की देवाला सांगायचे काम भिकाजीचे.

"बा देवा रामेश्वरा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरान आज नवीन मशिन हाडल्यान हा. ह्या मशिनात काय वाकडा-नाकडा, खोट-नाट आसात, ता भायर काढ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मंडळी म्हणाली. तेवढ्यात वीज आली, मॉनिटर उजळला, आणि भिकाजीने त्याचेही श्रेय घेतले.

दत्ताराम पूर्वी मालवणात कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसे. आता घरच्या पडवीत लग्नपत्रिका, नाटकांची हँडबिले आणि बाराव्याची कार्डे करून देई. जुना पेटीएवढा मॉनिटर एका लग्नपत्रिकेच्या मध्यावर धूर सोडून निवर्तला, म्हणून कुडाळहून हा चपटा आणला होता.

दोन-तीन दिवसांनी त्याला कोऱ्या पांढऱ्या पानावर एक काळा ठिपका दिसला. मुंगी समजून त्याने फुंकर मारली. मग नखाने खरवडले. ठिपका हलेना. दत्तारामने उजवा डोळा मिटला. ठिपका होता. डावा मिटला. तरीही होता.

म्हणजे दोन्ही डोळे गेले!

शहाण्या माणसाने मान वळवून भिंतीकडे बघितले असते. दत्तारामने बघितले नाही. भिंतीवरही दिसला तर काय, ही धास्ती. शिवाय मशीनमध्ये खोट असणे शक्यच नव्हते. ती भिकाजीने देवासमक्ष बाहेर काढली होती. बाहेर काढलेली खोट कुठेतरी जाणारच, आणि त्या वेळी मशीनच्या सगळ्यांत जवळ कोण उभा होता?

दत्तारामच्या वडिलांचे डोळे म्हातारपणी गेले होते. याच पडवीत बसून ते पायांची चाहूल लागली की विचारायचे, "कोण ता?" पोरेटोरे मुद्दाम उत्तर न देता निघून जात. म्हातारा मान वळवून त्या दिशेला बराच वेळ बघत राही. ती वळलेली मान दत्तारामला आता झोपू देईना.

मालवणात डोळ्यांच्या डॉक्टरकडे तो एकदा गेला, पण पायरीवरूनच परतला आणि बाजारातून सुंगटांचा, म्हणजे कोळंबीचा, वाटा घेऊन घरी आला. निदान ऐकण्यापेक्षा सुंगटे बरी. मग त्याने गुपचूप आंधळेपणाची तालीम सुरू केली. डोळे मिटून विहिरीवर जायला निघाला तो शेजारच्या गोठ्यात पोचला. दुसऱ्या खेपेला मध्येच माड आडवा आला. जेवतानाही डोळे मिटून बोटांनी काटे चाचपू लागला.

"अवो," विमला म्हणाली, "बांगडो डोळे मिटून खातास? इतको वायट झालो?"

संध्याकाळी ती अडाळ्यावर नारळ खवत बसली, की तो समोर बसून तिच्याकडे बघत राही. तिच्या कानाखाली एक तीळ होता. एवढ्या वर्षांच्या संसारात तो त्याला आत्ता दिसला.

"काय बघतास?"

"काय नाय गो."

"मगे तोंड असा कित्याक केलास? कोण मेला काय?"

एके सकाळी कोऱ्या पानासमोर तो डोके धरून बसला होता. विमला चहा घेऊन आली. विजेच्या भीतीने ती एरवी मशीनच्या वाऱ्याला उभी राहत नसे. पण घरात डाग दिसला आणि पुसला नाही, असे तिच्या हातून कधी झाले नव्हते. तिने पदराचे टोक ओले करून पडद्यावर घासले.

"ह्या काय लावून ठेवलास? पुसाक जायना मरे."

दत्तारामने मान वर केली. "काय पुसाक जायना?"

"ह्यो ठिपको. काळो."

"तुका दिसता?"

"माका काय डोळे नाय?"

"बोट ठेव बघू! खंय आसा?"

तिने बोट बरोबर ठिपक्यावर ठेवले. त्याने तिला एक डोळा मिटायला लावला, मग दुसरा. तिलाही दोन्ही वेळा दिसला. आता एक तर नवरा-बायकोचे चारही डोळे एकाच जागी गेले होते, नाही तर... दत्तारामने हळूहळू मान भिंतीकडे वळवली. भिंतीवर पाल होती, ओल होती, गेल्या गणपतीतल्या रंगाचा ओघळ होता. ठिपका नव्हता.

तो खुर्चीतच हसायला लागला, आणि हसता हसता त्याला हुंदका आला. मग त्याने सगळे सांगून टाकले, वळलेल्या मानेसकट.

विमलाने पदराचे ओले टोक पिळले. मग म्हणाली, "माका आदी सांगूक काय झाला? पडवीत बसले असतास, तर कोण येता, कोण जाता, ता मी सांगलंय असतंय."

चहा गार झाला. दत्तारामने कुडाळला दुकानात फोन लावला. यतीन नावाचा पोरगा बोलला.

"काका, एखादो ठिपको आसतलोच. कंपनी त्याका खोट मानना नाय."

"मानना नाय म्हणजे काय? खोट आसा! मशिनातच आसा ना? माझ्यात नाय ना?"

"तुमच्यात कशी आसतली?"

"तसा नाय. नीट सांग."

"मशिनात, काका."

"देव तुजा बरा करो!"

भांडणाची ही नवी तऱ्हा बघून यतीन हबकला. "बरा, मालकांशी बोलून बदलून देतंय."

"खबरदार हात लावलंस तर!"

त्या दिवशी दत्तारामने बिघडलेल्या मॉनिटरप्रीत्यर्थ वाडीभर गोड खाजा वाटला. भिकाजीने दोन मुठी घेतल्या आणि म्हणाला, "मी भायर काढ म्हटलंय. पण पांढऱ्यार इली काय ती दिसतली, ता ध्यानात नाय इला."

मंडळी पांगल्यावर दत्ताराम पायरीवर उभा राहून दिसेल ते मोठ्याने वाचू लागला. एसटीची पाटी, पलीकडच्या दुकानाची पाटी, दुकानाच्या शटरवर रंगवलेली जाहिरात.

"विमले, त्या कोपऱ्यातल्या माडार किती नारळ लागलेत, सांगू तुका?"

विमला उशीचा उसवलेला अभ्रा मांडीवर घेऊन बसली होती.

"नारळ ऱ्हांव देत," ती म्हणाली. "ह्या सुयेत दोरो ओवा बघू."