सगळ्या ओळी डावीकडे

मी एका जुन्या मोबाईलमधला नोट्सचा कप्पा आहे. ॲप म्हणा हवं तर, पण कप्पा म्हटलं की मला घरचं वाटतं. हा मोबाईल कुडवा गावच्या चंदाचा. त्याची काच कोपऱ्यात तडकली आहे, बॅटरी दुपारीच मान टाकते. तरी मी अजून कामावर आहे आणि मजेत आहे. माझी गोष्ट ऐका मित्रांनो, आणि ऐकताना मध्येच दुसरीकडे बोट लावू नका. मला राग येतो.

ज्यांनी मला बनवलं त्यांना मी कधी पाहिलं नाही. त्यांनी मला एक पांढरं पान दिलं, अक्षरं धरून ठेवायला शिकवलं आणि दिलं सोडून. माझ्या पानावर चौकटी आखता येत नाहीत, शेजारी शेजारी दोन रांगा लावता येत नाहीत. प्रत्येक ओळ डाव्या काठाला टेकते आणि एकीखाली एक उभी राहते. माझ्यामागून आलेली ॲप म्हणे रंगीत तक्ते काढतात. काढोत बापडी. मला हेवा वाटत नाही असं नाही, पण थोडाच वाटतो.

चंदा घरी ब्लाऊज शिवते. सुरुवातीला ती मापांच्या रांगा लावायला बघायची. दोन आकड्यांमध्ये जागा सोडत सोडत ओळी सरळ करायची आणि खूश व्हायची. मोबाईल आडवा झाला की सगळं विस्कटायचं. एकदा शेजारच्या नंदाबाईंच्या बाहीला कंबरेचं माप लागलं. त्या बाहीत हात घालून नंदाबाई अंगणभर फिरल्या आणि गल्ली पोट धरून हसली. तेव्हापासून चंदा एका ओळीत एकच माप लिहू लागली. मग काय विचारता, माझं काम चोख चालू लागलं आणि बायका माझं कौतुक करू लागल्या.

पुढे घरात नवा मोबाईल आला आणि मी शिलाई मशीनच्या खणात गेलो. सुया आणि बॉबिनच्या संगतीत पडून राहिलो. वाईट वाटलं हो, खोटं कशाला बोलू?

मग घरात लग्न निघालं. चंदाची नणंद दामिनी हिचं. तिची आत्या अनुसयाबाई तिरोड्याकडच्या गावाहून आधीच येऊन राहिल्या. हळदीच्या मांडवात गारी म्हणाव्यात त्यांनीच. गारी म्हणजे व्याह्यांना चिडवायची गाणी. मुलीकडच्या बायका एक ओळ फेकतात, मुलाकडच्या उत्तर देतात, आणि चिडायचं कुणी नाही. पण अनुसयाबाईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी गाणं बंद केलं होतं, कुजबुजण्यापुरता आवाज उरला होता. घरात दुसऱ्या कुणाला गारी पुरत्या येत नव्हत्या. म्हातारी जेवणावरून उठायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची.

"माह्या भाचीचा मांडव मुका राहीन," त्या चंदाला म्हणाल्या, "आन् मी बसून पाहत राहीन."

"आत्याबाई, तुम्ही धीरे धीरे सांगा," चंदा म्हणाली. "मी लिहून घेते."

नवा मोबाईल तिचा नवरा गजेंद्र दुकानात नेत असे. म्हणून तिने खणातून मला काढलं, चार्जिंगला लावलं. रोज दुपारी आत्याबाई तिच्या कानाशी ओळी सांगायच्या आणि चंदा त्या माझ्यात ठेवायची. मुलाकडच्या नव्या सुनांनाही गारी येत नव्हत्या, म्हणून उत्तरंही आत्याबाईंनीच सांगितली. इथे चंदाची जुनी खोड वर आली. तिने मुलीकडच्या ओळी डावीकडे लिहिल्या, आणि जागा सोडत सोडत उत्तरं उजवीकडे ढकलली. मला ओरडून सांगावंसं वाटलं, बाई गं, माझ्याकडे उजवी बाजूच नाही. पण मला कुठे तोंड आहे?

हळदीच्या दिवशी सकाळी मांडवात तालीम बसली. आत्याबाईंच्या जागी नंदाबाई; चाल त्यांनी घरच्या आधीच्या लग्नांत आत्याबाईंच्या तोंडून ऐकलेली. आवाज खणखणीत, पण नजर अधू. त्यांनी चंदाला अक्षरं मोठी करायला लावली. अक्षरं मोठी झाली आणि माझ्या पानावर न मावणाऱ्या ओळी तुटून एकमेकींत शिरल्या. नंदाबाईंनी बिनधास्त सूर लावला:

"वराती आले ढोल पिटत,
मांडव तुमचा वीतभर."

मागून सगळ्यांनी तेच उचललं. मुलीकडच्या बायका आपल्याच मांडवाला नावं ठेवत होत्या आणि ठेक्यात टाळ्याही वाजवत होत्या.

"काऊन वो, आपल्याच मांडवाले हसून राहिल्या?" आत्याबाई म्हणाल्या. त्या गोंगाटात त्यांची कुजबुज कुणालाच ऐकू गेली नाही. मी जवळ होतो म्हणून मला आली. त्यांचे डोळे भरले. माझा जीव नुसता तळमळला.

त्यांच्या हाताला दामिनीला लावलेली हळद होती. त्यांनी पुढे होऊन ते बोट माझ्या काचेवर टेकवलं. आपली ओळ, तिथे पिवळा ठिपका. पुढची आपली ओळ, पुन्हा ठिपका. चंदाने पान वर सरकवलं तर ओळी निघून गेल्या आणि हळद तिथेच राहिली. बायका हसून लोटपोट झाल्या. आत्याबाईही डोळे पुसत हसल्या.

चंदा मात्र हसता हसता थांबली. "आत्याबाई, हे निशाणच मी आत टाकते," ती म्हणाली. तिने सगळ्या मोकळ्या जागा पुसल्या आणि ओळी एकीखाली एक आणल्या. आपल्या ओळीआधी मांडवाच्या हिरव्या पानाचं चित्र, त्यांच्या ओळीआधी ढोलाचं. अक्षरं केवढीही मोठी करा, पानामागून आपली आणि ढोलामागून त्यांचीच ओळ. तेच मग मुलाकडच्यांनाही पाठवलं.

संध्याकाळी मांडवात बघायला हवं होतं तुम्ही.

"वराती आले ढोल पिटत,
परात केली रिती!"

आणि समोरून उत्तर:

"मांडव तुमचा वीतभर,
बसावं तरी किती!"

दामिनी हसत होती. आत्याबाई मांडीवर ठेका धरून बसल्या होत्या. शेवटच्या गाण्याआधी मात्र चंदाने ना पान टाकलं होतं ना ढोल. ते पोरीच्या निरोपाचं, दोन्हीकडच्यांनी मिळून म्हणायचं. सगळा मांडव गात होता, आत्याबाईंचे ओठ हलत होते. कुणी त्यांना अडवलं नाही. आवाज तर निघतच नव्हता.

आता मी खणात नसतो, चंदाच्या उशाशी असतो. आत्याबाईंना अधूनमधून एखादी विसरलेली गारी आठवते आणि त्या फोन करतात. तर मित्रांनो, माझ्यासारख्या साध्या कप्प्याला त्याच्या ताकदीबाहेरचं मांडायला लावू नका, ओळीखाली ओळ लिहा, मी जन्मभर सांभाळीन. आणि तुमच्या घरात कुणी गाणारं असेल, तर आज दुपारीच त्यांच्याजवळ जाऊन बसा. आत्याबाईंची चाल मला लिहून ठेवता आली नाही. ती आता नंदाबाईंच्या गळ्यात आहे.