दारात पहिलं कोण

जेबेझने वासराच्या कानाचा कापून आणलेला तुकडा चुलीवरच्या आकड्याला अडकवला आणि हात विजारीला पुसले. ओला कान धगीत चुरचुरला. जळक्या केसांचा वास खोलीभर पसरला. दाराला अडसर घालून जेबेझ दारालाच पाठ लावून बसला.

"झालं," टॅमसिन म्हणाली. "आता जिची करणी तिलाच चटका. बघ कशी पळत येते."

शेजारची ही टॅमसिन सकाळपासूनच विणकाम घेऊन येऊन बसली होती. साक्षीला एक बाईमाणूस हवंच, असं तिचं म्हणणं. दुसरे साक्षीदार प्रार्थनाघराचे डीकन, म्हणजे पाद्रीबाबांच्या हाताखालचे, एलिफलेट. घरात पाठीची खुर्ची एकच होती, आणि ती डीकनांना कुणी दिली नव्हती. ते आले तेच तिच्यावर. पाद्रीबाबा समुद्राकाठच्या गावी गेले होते. ते असते, तर हा सैतानाचाच उपाय आहे म्हणून त्यांनी सगळ्यांना रविवारी भर सभेत उभं केलं असतं. म्हणून तर आजचा दिवस धरला होता.

रीत जुनी आणि सोपी. जनावराला चेटूक झालं की त्याचा कान धगीवर टांगायचा. चेटकिणीला बसल्या जागी पोळतं आणि तिला यावंच लागतं. कान धगीवर असेपर्यंत बाहेरून जो पहिला उंबरठा ओलांडेल, करणी त्याची. मागच्या पानगळीत नदीपलीकडच्या गावात एक बाई अशाच दुपारी शेजारणीची चाळण परत करायला गेली. पहिलं बर्फ पडायच्या आत तिला फाशी झाली. चाळणीला हात लावायला मात्र कुणी धजलं नाही. ती अजून शेजारणीच्या कुंपणावर आहे आणि वारा सुटला की प्रार्थना म्हणते, असं तिकडचे लोक शपथेवर सांगतात.

जेबेझची बायको मेहिटेबल मक्याची पेज ढवळत होती.

"आज कुणी आलंच नाही तर?" तिने विचारलं. त्या हिवाळ्यात थंडीच तशी होती. कोंबड्याने पहाटे बांग द्यायला उघडलेली चोच दुपारी ऊन लागल्यावर मिटायची.

"यावंच लागतं, पोरी."

"पण काकू, एखादं माणूस आपलं सहजच आलं तर? काही न केलेलं?"

"तेवढी अक्कल आहे मला. घरोघर सांगून आलेय, आज जेबेझच्या दारात फिरकू नका म्हणून. लोहाराकडे सांगितलं, गिरणीवर सांगितलं. त्या लोहाराच्या बायकोला तर दोनदा सांगितलं. तिला कुठे काही शिजतंय असा वास आला की पाय थांबत नाहीत तिचे."

"आणि माझ्या आईला?"

टॅमसिनने विणकाम डोळ्यांजवळ नेलं. "तिला कमी ऐकू येतं ना गं. तिला सांगायचं म्हणजे ओढ्यावरून ओरडायचं. गावभर बोभाटा नको."

डीकन खोकले. जेबेझ स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. मेहिटेबलचा हात थांबला नाही. पेजेतली पळी फक्त उलट्या दिशेने फिरू लागली.

तिची आई हेप्झिबा ओढ्यापलीकडे एकटी राहायची. डोळे अधू झालेले, गारगोटी झाडून विस्तव करणं जमत नव्हतं. रोज दुपारी लोखंडी भांडं घेऊन ती लेकीकडे निखारे न्यायला यायची. ज्या दिवशी ती यायची नाही, त्या दिवशी गावाला दुपार झाल्याचंच कळायचं नाही. जिभेला मात्र अधूपण शिवलं नव्हतं. नाताळ न पाळणाऱ्या आमच्या गावात ती एकटीच कुणाला तरी रोज हसायची, आणि ज्याला हसायची त्याला ते लागायचं. मागे एकदा गोठ्यात डोकावून ती जेबेझला म्हणाली होती, "जावईबापू, वासरू अगदी तुमच्यावर गेलंय हो. खातं आणि बसतं." त्याच आठवड्यात वासरू बसलं, ते उठेना.

मेहिटेबलने पेज उतरवली आणि चुलीत एक ओंडका सारला. मग दुसरा.

"एवढी कशाला पेटवतेस?" जेबेझ म्हणाला.

"डीकनसाहेबांना गारठा लागतोय."

"लागतोय खरा," डीकन म्हणाले आणि पाय पुढे केले.

तिने तिसरा टाकला. भिंतीशी रचलेला लाकडांचा ढीग बघता बघता खाली गेला. ज्वाळा आकड्यापर्यंत उसळून परत बसल्या. विस्तव विझला तर सगळंच फुकट जाणार होतं, आणि उरलेलं सरपण बाहेर परसात होतं. हे तिच्याशिवाय कुणाच्या ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं, तेव्हा चुलीत लाल निखारा तेवढा उरला होता.

"लाकडं संपली," जेबेझ म्हणाला.

कुणी उठलं नाही. जो बाहेर जाईल त्याला परत आत यावं लागणार, हे सगळ्यांना एकाच वेळी सुचलं.

"काकू, तुम्ही जाता?" मेहिटेबलने अगदी साधेपणाने विचारलं.

"मी? माझे गुडघे!" टॅमसिनने गुडघे दोन्ही हातांनी धरले, कुणी ते घेऊन चाललंय असे. "जेबेझ, तू जा की. घर तुझं."

"वासरूही माझंच आहे. मीच कशी करणी करीन?"

"मग तुला भिण्याचं काय कारण?"

"तुम्हाला तरी काय कारण?"

डीकन हसत हसत उठले. अंगरखा नीट केला. "लेकरांनो, देवाच्या माणसाला असल्या गोष्टी लागत नाहीत. मी आणतो. तेवढंच पुण्य."

जेबेझने अडसर काढला. डीकन बाहेर पडले, दार लागलं. मेहिटेबलने पहिल्यांदाच मोठा श्वास घेतला. डीकन पहिले आत येणार. डीकनला कोण फाशी देतं? सगळे हसतील, कान चुलीतून काढून कुत्र्याला टाकतील, आणि मग आई खुशाल येऊ दे.

परसातून लाकडं उचलल्याचा आवाज आला. बर्फावर पावलं कुरकुरली, दारापर्यंत आली. मग थांबली.

"डीकनसाहेब?" जेबेझने आतून विचारलं.

"प्रार्थना म्हणत असतील," टॅमसिन म्हणाली.

मेहिटेबल खिडकीशी गेली. काचेवरचं हिम नखाने खरवडून तिने डोळा लावला. डीकन दाराला लागून भिंतीशी उभे होते, हनुवटीपर्यंत लाकडं घेऊन. ते दाराकडे बघत नव्हते. ओढ्याकडे बघत होते. ओढ्यावरच्या फळीवरून आई येत होती. एका हाताने चाचपडत, दुसऱ्या हातात भांडं.

तिने शाल घेतली आणि दाराशी गेली.

"कुठे?" जेबेझ हलला नाही.

"लाकडं आणते."

"डीकन आणतायत."

"निखारा काळा पडत चाललाय. विझू द्यायचाय?"

त्याने चुलीकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ.

"तू बाहेर गेलीस, तर..." तो म्हणाला.

"तर काय?"

त्याने अडसर काढला.

बाहेर डीकनांच्या मिशीवर बर्फ धरलं होतं. "मी आपला जरा दम खात होतो," ते हळू आवाजात म्हणाले. "तुझी आईच येतेय वाटतं. म्हातारं माणूस. तिला पुढे जाऊ दे. मी बाजूला होतो."

"द्या ती लाकडं."

"अगं, पण..."

"जड झाली असतील. द्या."

रडणारं दुसऱ्याचं मूल आईच्या हाती परत द्यावं, तशी त्यांनी ती चटकन दिली.

"मेहिटेबल!" आईने अंगणातूनच हाक मारली. "अगं, एवढी माणसं दाराशी? कुणी मेलंय की तुझा नवरा कामाला लागलाय?"

मेहिटेबलने मागे वळून पाहिलं नाही. उंबरठ्यावर तिचा पाय क्षणभर अडला. मग तिने तो आत टाकला.

आकड्यावर कान अजून धुमसत होता. टॅमसिनच्या सुया थांबल्या. जेबेझ दारापासून मागे सरला आणि भिंतीला टेकला.

तिच्या पाठोपाठ डीकन लगबगीने आत शिरले, बूट आपटत, हात चोळत. त्यांचा चेहरा उजळला होता. "या, हेप्झिबाबाई, या! बाहेर काय थांबता, थंडी बघा काय पडलीय!" त्यांनी स्वतः म्हातारीला हात धरून आत घेतलं आणि पाठीच्या खुर्चीत बसवलं. टॅमसिनने घाईघाईने तिच्या गुडघ्यांवर आपली शाल घातली. "बरं झालं आलात," ती म्हणाली, आणि ते तिला मनापासून वाटत होतं.

हेप्झिबाने आयुष्यात एवढा मान पाहिला नव्हता. ती अधू डोळ्यांनी एकेकाकडे बघत राहिली.

"मेले काय रे सगळे?" ती म्हणाली. "पोरीच्या हातातली लाकडं घ्या की कुणीतरी!"

कुणी पुढे झालं नाही.